दुसऱ्या महायुद्धात वाळवंटातल्या छापामार तुकड्यांसोबत डॉक्टर खरंच जायचे का?

हो, जायचे. आणि मागे तळावर तंबू ठोकून बसायला नाही, तर थेट मोहिमेवर. माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण कॅप्टन रिचर्ड लॉसन यांचं. ते ब्रिटिशांच्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'चे, म्हणजे वाळवंटातून शत्रूच्या पिछाडीला टेहळणी आणि छापे घालणाऱ्या तुकडीचे डॉक्टर.

सप्टेंबर १९४२ मध्ये या तुकडीने लिबियातल्या बार्से इथल्या इटालियन विमानतळावर रात्री छापा घातला. छापा जमला, पण सकाळी शत्रूची विमानं डोक्यावर आली आणि बहुतेक गाड्या जळून गेल्या. आता जखमींचं काय? लॉसन यांनी सहा जखमींना उरल्यासुरल्या गाडीत घातलं, सोबत ड्रायव्हर, मेकॅनिक आणि वाट शोधणारा नॅव्हिगेटर घेतला आणि वाळवंटातल्या एका ठरलेल्या धावपट्टीकडे निघाले. तिथून विमानाने जखमींना लिबियातल्याच कुफ्रा या मरुद्यानात हलवलं. बाकीचे चालत निघाले होते!

अशा ठिकाणी शस्त्रक्रियेपेक्षा आधी प्रश्न पाण्याचा. त्यात खडकाळ जमिनीवर ट्रकचा प्रत्येक गचका मोडलेल्या हाडाला बसतो, वर सावली म्हणाल तर गाडीखालची तेवढीच. या कामगिरीबद्दल लॉसन यांना 'मिलिटरी क्रॉस' हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.