भिंगरीची गोधडी पहिल्यांदा करताना

पहिल्याच गोधडीला भिंगरी निवडलीत, म्हणजे चार दुरंगी तुकडे जोडून केलेला, फिरत्या पंख्यासारखा दिसणारा चौकोन. छान केलंत! फक्त पाच-सहा मापांच्या भानगडीत पडू नका. ६ इंची भिंगरी घ्या आणि तिच्यावरच हात बसवा.

गडद आणि फिक्या कापडाचे ४ इंची चौकोन कापा. फिक्याच्या उलट्या बाजूला कर्ण आखा, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवा, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारा आणि रेघेवर कापा. झाले दोन दुरंगी तुकडे; एका भिंगरीला असे चार लागतात. ते साडेतीन इंचाला छाटायचे, आणि टेम्प्लेट पट्टीचं, म्हणजे तिरकी रेघ असलेल्या पारदर्शक मापपट्टीचं, खरं काम इथेच. तिची तिरकी रेघ शिवणीवर बसली पाहिजे, कापडाच्या कडेवर नाही. मी पहिल्या वेळी कड धरून छाटलं, सगळ्या भिंगऱ्यांची टोकं बोथट! ती गोधडी आता मांजराकडे आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- इस्त्री घासणं. तिरकी कड लगेच ताणते. दाबा, उचला, पुढे ठेवा.
- पट्टी सरकणं. खाली सँडपेपरचे ठिपके चिकटवा. बोटं कडेपासून लांब!
- शिवणी वाटेल तशा वळवणं. चारही तुकड्यांच्या शिवणी गडद बाजूला वळवा, मग मधल्या सांध्यात त्या एकमेकींना खेटून बसतात.

लाल कापड आधी धुऊन घ्या, रंग सोडू शकतं. दुहेरी भिंगरी (भिंगरीत भिंगरी) नंतर बघू. आधी एक शिवून मोजा: साडेसहा इंच भरली पाहिजे, कारण चारही कडांचा पाव-पाव इंच पुढच्या शिवणीत जाऊन ६ इंच उरतात. कमी भरली तर तुमची टीप पाव इंचापेक्षा आत जातेय.