अन्याय्य कायदा आणि थॉमस अक्वायनस

प्रश्न : अन्याय्य कायदा हा कायदाच नव्हे, असे थॉमस अक्वायनसचे मत असल्याचे वाचले. मग न पटणारा कोणताही कायदा मोडायला तो मोकळीक देतो का? आणि ईश्वर न मानणाऱ्याने त्याचे विचार का वाचावेत?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ते वचन मुळात संत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताचे आहे. त्यानंतर आठशेहून अधिक वर्षांनी अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकाने (मृत्यू १२७४) 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात त्याचा आधार घेतला. मात्र तिथे त्याने त्याला बऱ्याच अटी घातल्या, आणि त्या अटी सोडून केवळ वचन उचलले की आपल्याला पडला तसा प्रश्न पडतो.

सार्वजनिक हितासाठी, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेली आणि जाहीर केलेली विवेकाची आज्ञा म्हणजे कायदा, अशी त्याची व्याख्या आहे. तिच्यात ईश्वराचा उल्लेख नाही, हे आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे. मानवी हिताच्या दृष्टीने कायदा तीन प्रकारे अन्याय्य ठरतो : राज्यकर्त्याने स्वतःच्या लोभासाठी किंवा कीर्तीसाठी केला तर, अधिकाराबाहेर जाऊन केला तर, किंवा उद्देश लोकहिताचा असूनही त्याचा भार लोकांवर विषम प्रमाणात टाकला तर. यांतली तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण चांगल्या हेतूची ढाल पुढे करणाऱ्या सत्तेलाही ती जाब विचारते, आणि ती लावण्यासाठी कोणत्याही धर्मावर श्रद्धा असण्याची गरज नाही.

मोकळीक मात्र तो सहजासहजी देत नाही. असे कायदे सदसद्विवेकाला बांधून ठेवत नाहीत, असे म्हणून लगेच तो अपवाद सांगतो की, अवज्ञेमुळे समाजात अनाचार किंवा गोंधळ माजणार असेल, तर माणसाने आपला हक्कही सोडावा. मूर्तिपूजेची सक्ती करण्यासारखे, ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध जाणारे कायदे मात्र कधीच पाळू नयेत, असे तो म्हणतो. (हे उदाहरण आपल्याकडच्या वाचकाला खटकेल, पण ते त्याचेच आहे.) १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध अक्वायनसचा आधार घेतला, पण त्याचा हा सावधपणा त्यांनी घेतला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले.

खरी अडचण वेगळीच आहे. कायदा अन्याय्य आहे हे ठरवायचे कोणी? चांगले करावे, वाईट टाळावे, हे नैसर्गिक कायद्याचे, म्हणजे माणसाला विवेकानेच कळणाऱ्या नीतिनियमांचे, पहिले तत्त्व सर्वांना समजते, असे अक्वायनस मानतो; पण तपशिलात उतरल्यावर वासना आणि वाईट रूढी माणसाची समज बिघडवतात, हेही तो कबूल करतो, आणि रोमन सेनानी ज्युलियस सीझरचा दाखला देऊन सांगतो की, जर्मन टोळ्यांना एके काळी चोरी गैर वाटत नसे. रूढीने इतरांची समज बिघडते, तशी आपलीही बिघडलेली असू शकेल, ही शंका त्याने पुरेशा नेटाने घेतलेली दिसत नाही. त्याच ग्रंथात पुढे, खोटी नाणी पाडणाऱ्यांना राजे मृत्युदंड देतात, तर श्रद्धा भ्रष्ट करणाऱ्या पाखंड्यांना तो देणे अधिकच न्याय्य होय, असा युक्तिवाद तो करतो. तेव्हाच्या ख्रिस्ती युरोपची रूढी इथे विवेकाच्या नावाने बोलत आहे. त्यामुळे त्याच्या कसोट्या जरूर वापराव्यात, पण त्या आधी त्याच्याच निष्कर्षांना लावून पाहाव्यात.