प्रश्नोत्तरे : पिल्लांची हगवण आणि गुळाचं पाणी

प्रश्न : डुकरिणीला 11 पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी पिवळी, पाण्यासारखी हगवण आणि फुटलेल्या दुधाच्या उलट्या सुरू झाल्या. इंजेक्शनं दिली, गुळाचं पाणी पाजलं, तरी पाच मेली. दुसरी डुकरीण तीन आठवड्यांत विणार आहे. काय करावं?
— एक वाचक, ता. करवीर

उत्तर : आधी गूळ बंद करा. आपल्याकडे थकल्याभागल्याला गूळ-पाणी देतात, पण पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या आतड्यात ही साखर पचवणारं विकर जवळपास नसतं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. ग्लुकोज मात्र चालतं. म्हणून मेडिकलमधली, माणसांची ओआरएसची 1 लिटरची पुडी उकळून कोमट केलेल्या बरोबर 1 लिटर पाण्यात विरघळवा. घट्ट केलीत तर मीठ बाधतं. दर दोन-तीन तासांनी 10-15 मिली, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने थेंब थेंब पाजा. घाईत पाणी फुप्फुसात जातं. आईचं दूध तोडू नका.

उलट्या असल्याने विषाणूची शंका दाट आहे, पण ई. कोलाय जिवाणूनेही याच वयात हगवण लागते. ताज्या हगवणीला लिटमस कागद लावा : विषाणूत ती बहुधा आम्लधर्मी, ई. कोलायमध्ये अल्कधर्मी. हा फक्त अंदाज. खात्रीसाठी नुकतंच आजारी पडलेलं, औषध न दिलेलं पिल्लू पशुवैद्यकाकडे न्या. मेलेल्याचं आतडं काही तासांत सडतं, त्यातून फारसं कळत नाही.

रोटा किंवा कोरोना गटातले विषाणू आतड्यातले दूध पचवणारे अंकुर झिजवतात. प्रतिजैविकाचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. मोठ्या पिल्लात अंकुर दोन-तीन दिवसांत भरून येतात, नवजातात आठवडा लागू शकतो. तोवर पिल्लू पाण्याअभावी आणि गारठ्याने मरतं. म्हणून झोपायच्या कोपऱ्यात कोरडं पाचट टाका, वर दिवा टांगा, 32 ते 35 अंश ऊब ठेवा. पिल्लं एकमेकांवर चढून झोपली तर दिवा थोडा खाली घ्या.

दुसरी डुकरीण त्या खोलीत आणू नका. रोज आधी तिचं काम उरका, मग आजारी पिल्लांकडे जा. गमबूट आणि खराटा वेगळा ठेवा. खोली रिकामी झाली की घाण खरवडून काढा, 10 लिटर गरम पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून घासा, पूर्ण वाळू द्या, मगच जंतुनाशक आणि चुना. घाणीवर ब्लीचिंग ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो.

आजारी पिल्लांची हगवण गाभण डुकरिणीला खाऊ घालायचा सल्ला कुणी देईल. त्यातून चिकात प्रतिपिंडं येतात हे खरं, पण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि सोबत इतर रोगही पोटात जातात. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नको. नव्या पिल्लांना पहिल्या सहा तासांत पोटभर चीक मिळतो की नाही, यावर बसून लक्ष ठेवा. 24 तासांनंतर त्यातली प्रतिपिंडं रक्तात शिरत नाहीत.