नंदेसरीची नोकरी सोडून पीएचडी?

प्रश्न : मुलीने महाराजा सयाजीराव विद्यापीठातून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. नंदेसरीला एका कंपनीत क्यूसीमध्ये (मालाची गुणवत्ता तपासणी) दीड वर्ष झालं. आता राजीनामा देऊन पीएचडी करायची म्हणते. हे म्हणतात, ‘पाच वर्षं बाटल्या हलवत बसणार का?’ काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

ताई, यजमान चिडून बोलले असतील, पण विचारलं ते बरोबर.

आधी पैशाचं. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000 रुपये, वर घरभाडं. मग काळजी नाही. ती नसेल तर गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत 15,000 मिळू शकतात, तेही दोनच वर्षं. थिसिसला नियमानेच कमीत कमी तीन लागतात, मुदत सहापर्यंत. तिसऱ्या वर्षी स्कूटरच्या पेट्रोलला बाबांपुढे हात पसरावा लागला, की घरात काय होतं ते मी बघितलंय.

तिला नेमकं व्हायचंय काय? कॉलेजात शिकवायचं असेल तर 2023 पासून सहायक प्राध्यापकाला पीएचडीची सक्ती नाही, नेट किंवा सेट परीक्षा चालते. ही परीक्षा नोकरी सांभाळून देता येईल. पण क्यूसीचाच कंटाळा आला असेल तर तो मला कळतो. सॅम्पल दुसऱ्याने पाठवायचं, हिने एचपीएलसी या तपासणीच्या मशीनमध्ये घालून रिपोर्टवर सही करायची. रेणू कसा बांधायचा ते ठरतं आर अँड डीत, म्हणजे संशोधन विभागात, आणि तिथे वर चढायला पीएचडी लागतेच म्हणा ना.

सगळ्यात मोठी गोष्ट गाइड. विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. एखाद्या शनिवारी तिला सायन्स फॅकल्टीत पाठवा. सर नसताना जुन्या स्कॉलरांबरोबर चहा घेऊ दे. रजिस्ट्रेशन कधीचं, पेपर किती, केमिकल संपलं तर पैसे कोण भरतं, एवढं विचारू दे. (माझं अख्खं एक वर्ष बंद पडलेल्या मशीनसमोर गेलं. आधी कुणाला विचारलंच नव्हतं!)

लग्नाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असणार. पीएचडीच्या 2022च्या नियमांत मुलींना दोन वर्षं जादा मिळतात, 240 दिवसांची बाळंतपणाची रजाही आहे.

राजीनामा मात्र आत्ता नको. नेटचा निकाल हातात येईपर्यंत नंदेसरीची बस चालू राहू दे.