संगणकाच्या वॉटर कूलिंगमध्ये (पाणी फिरवून थंड ठेवण्याच्या यंत्रणेत) पंपाचा वेग वाढवला तर सीपीयू जास्त थंड राहतो का?

राहतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ‘पाणी सावकाश फिरलं की जास्त उष्णता घेतं’ हा समज मात्र चुकीचा आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असतं. हिशेब बघा: २५० वॉट उष्णता आणि मिनिटाला २ लिटर प्रवाह असेल, तर ब्लॉकमधून (सीपीयूवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यातून) जाताना पाणी जेमतेम १.८ अंशांनी तापतं. ४ लिटर केलात तर ०.९. त्यापुढे पंपाचा आवाजच वाढतो.

बेळगावात मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असेल, तर पाणी त्याखाली जाणारच नाही. म्हणून आधी रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग, बघा. खानापूरचा माझा मित्र नवा पंप घ्यायला निघाला होता. बॅटरी मारून बघितलं, तर पंख्यामागच्या बारीक पत्र्यांत तांबडी धूळ गच्च बसलेली. ब्रशनं झाडली, तेवढ्यानं भागलं.