मशिनचं नंतर, आधी ती पॉलिसी थांबवा

अमळनेरच्या एक ताई पितळ-तांब्याचे मोठे, ठसठशीत हार हातानं घडवतात. त्यांचा प्रश्न असा : आईचे चार तोळे गहाण ठेवून 12 टक्क्यांनी दीड लाख उचलू आणि रोलिंग मशिन (लगड दाबून पत्रा करणारं यंत्र) घेऊ का? "बँकेतली एफडी" पाच हप्त्यांत संपेल, मग दुप्पट होऊन येईल, त्यातून सोनं सोडवीन.

ताई, मशिन नको. धातू वितळवून स्वतः लगड ओतणाऱ्याला ते लागतं. तुम्ही पितळी पत्रा विकत आणता आणि तो हव्या त्या गेजचा, म्हणजे जाडीचा, तयार मिळतो. कानबाई या खानदेशी देवीच्या मुखवट्याच्या पदकाचा फोटो मी मोठा करून पाहिला. नथीच्या आकड्याभोवतीची करवत किती नाजूक चालली आहे! तुमचे सहा तास तिथं, झाळ देण्यात आणि पॉलिशमध्ये जातात. मशिन त्यातलं काही वाचवणार नाही. आणि 1,400 च्या हारात 450 चा माल वजा करून उरलेल्या 950 ला नफा म्हणू नका, ती तुमची मजुरी आहे. दर वाढवा.

आता जे विचारलं नाही त्याबद्दल. सोबत जोडलेला कागद एफडीचा नाही, विमा पॉलिसीचा आहे. वर्षाचा हप्ता 60,000, भरायचा पाच नव्हे, 12 वर्षं. पैसे मिळणार 20 व्या वर्षी, 13.5 लाख. तुमच्या बचतीची ओळख असलेल्या माणसानं बँकेच्या काउंटरवर बसून हे "एफडीसारखंच" म्हणून गळ्यात मारलं, याचा मला मनापासून राग येतो.

हिशेब करू. 7.2 लाख भरून 13.5 लाख, म्हणजे वर्षाला साडेचार टक्केही नाहीत. तेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत आजच्या 7.1 टक्क्यांनी 20 लाखांच्या घरात जातात. विम्याचं म्हणाल तर संरक्षण 6 लाखांचं, तेही तुमच्यावर. घर चालतं पतींच्या पगारावर आणि त्यांच्या नावावर एक रुपयाचा विमा नाही.

पत्रातली एक ओळ तर तुम्ही सहज लिहून गेलात : पत्र्याच्या दुकानदाराची 40,000 उधारी, महिना दोन टक्के. म्हणजे वर्षाला 24 टक्के! साडेचारनं ठेवायचं आणि चोविसानं उचलायचं, असं दोन वर्षं चाललंय. दागिन्यांतून हाती येणारे महिन्याचे पाच हजार पॉलिसीच्या हप्त्यात जातात, म्हणूनच मालाला पैसा उरत नाही.

"दोन हप्ते भरलेत, ते बुडतील" ही तुमची भीती मला कळते. समजा आज मोडून 1.2 लाखांतले 50,000 च हाती आले. ते आणि पुढचे दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर त्याच 20 व्या वर्षी 17 लाखांच्या आसपास होतात. नुकसान सोसूनही तुम्ही साडेतीन लाखांनी पुढे राहता.

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. खात्यातून आपोआप कापला जात असेल तर बँकेला लेखी देऊन थांबवा. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आज मोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी कमी रकमेवर ठेवल्यास, मिळणारी रक्कम, दोन्ही लेखी मागवा. फसवून विकल्याची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. दाद मिळाली नाही तर विमा नियामकाचं बिमा भरोसा हे तक्रार पोर्टल आहे, त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालाकडे फी लागत नाही, वकीलही नको. पैसे आले की पहिली दुकानदाराची उधारी फेडा, मग पतींच्या नावे 50 लाखांचा साधा टर्म विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. पीपीएफ त्यानंतर. आईचं सोनं आईकडेच राहू द्या.

वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर 30 दिवसांची मुदत असते, त्यामुळे कुणी फोनवरून घाई केली तरी घाबरू नका. कंपनीचा आकडा हाती आला की मला पाठवा, मोडायची की पेड-अप ठेवायची ते त्यावर ठरवू.