कालव्यात बोटी सोडण्याआधी

प्रश्न : इंग्लंडमधले बंद पडलेले जुने कालवे बोटींच्या सहलींमुळे पुन्हा जिवंत झाले, असं वाचलं. आमच्या बारामतीजवळून ब्रिटिशांच्या काळातला निरा डावा कालवा जातो. त्यात बोटी सुरू करता येतील का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढून मी मुलीकडे इंग्लंडमधल्या विल्टशायरला आलो. आता उन्हाळ्यात आठवड्यातून दोन दिवस डिव्हायझेसजवळ केन हिलला लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कप्प्यांची, दारं उघडायला जातो. त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी घरचा वाटला.

निरा कालव्यात बोटी नकोत. तो शेताला पाणी देणारा कालवा. आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपलं की पाणी उतरतं. आमचा इथला केनेट-एव्हन कालवा बोटींसाठीच खणलेला. त्यात पाणी जवळजवळ उभं असतं आणि चढ आला की लॉक. केन हिलला ओळीने 29 लॉक आहेत. 72 मीटर चढायला बोटीला पाच-सहा तास लागतात. एक लॉक रिकामं केलं की दोन-अडीच लाख लिटर पाणी खाली जातं. पहिल्या दिवशी हा हिशेब करून माझा जीव कळवळला होता! म्हणून शक्य तेव्हा आम्ही दोन बोटी जोडीने आत घेतो, तेवढ्याच पाण्यात दोन्ही पार होतात. खाली गेलेलं पाणी 1996पासून पंपांनी पुन्हा वर चढवतात.

आणि कालवा पुन्हा जिवंत होताना बोटी इथे सगळ्यात शेवटी आल्या. 1810मध्ये पुरा झालेला हा कालवा रेल्वेपुढे टिकला नाही. 1852मध्ये रेल्वे कंपनीनेच तो विकत घेतला. पुढे तो कायमचा बंद होणार असं दिसताच लोकांनी 1956मध्ये राणीच्या नावे सह्यांचा अर्ज ब्रिस्टलहून पाण्यातूनच लंडनला नेला. मग वर्षानुवर्षं स्वयंसेवक गाळ उपसत राहिले. त्याच राणीने, एलिझाबेथने, 34 वर्षांनी केन हिलला येऊन कालवा खुला केला. आता बोटींच्या परवान्याचे पैसे देखभालीला लागतात. वेग मात्र ताशी 4 मैलच. लाटांनी काठ ढासळतात.

तुम्ही कालव्यावरच्या जुन्या पुलांपासून सुरुवात करा. आवर्तन नसताना काठाने चालत जा, प्रत्येक पुलाची नोंद ठेवा, फोटो काढा. नोकरीत असताना असे पूल मी रोज पाहिले. एकाचाही फोटो माझ्याकडे नाही, याची आता फार चुटपुट लागते.